तीर्थनवर पहिल्यांदा फ्लाय फिशिंगला जाताय? मे महिना सोडा, सराव आजच सुरू करा

प्रश्न चोपड्याहून आला आहे. लहानपणापासून तापीवर गळ टाकत आलेले एक केळी उत्पादक शेतकरी आणि त्यांचे अमळनेरचे शिक्षक मित्र, दोघांना मे महिन्याच्या सुट्टीत हिमाचलला जाऊन तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंग, म्हणजे आमिषाऐवजी पिसांच्या नकली किड्याने (फ्लायने) मासे धरणं, शिकायचं आहे. नदीवर चार दिवस मिळतील. रॉड कोणता घ्यावा, परवाना कुठे मिळतो आणि धरलेला मासा खाता येतो का, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, नदी तुम्ही बरोबर निवडलीत. महिना मात्र बदला.

आपल्याकडे मे म्हणजे पारा चव्वेचाळीसच्या पुढे, शाळा बंद, शेतातली कामं थोडी मोकळी. त्यामुळे डोंगरात पळायचं ते मे महिन्यातच, असं ठरून गेलेलं असतं. पण तिथे धरायची ती ट्राउट, थंड पाण्यातली मासळी, आणि तिच्या नदीचं वेळापत्रक वेगळं चालतं. मे-जूनमध्ये वरचं बर्फ वितळतं आणि नदी फुगते. सकाळी पाणी त्यातल्या त्यात खाली असतं. दुपारनंतर दिवसभर वितळलेलं बर्फ खाली येऊन पोचतं, पाणी चढतं, गढूळ होतं. नवख्या माणसाला अशा पाण्यात फ्लाय कुठे चालली आहे हेच दिसत नाही, मग तो शिकणार कशावरून? जुलै ते सप्टेंबरचा मध्य हा पावसाळा. त्या काळात तर जाऊच नका. २०२३ च्या जुलैत बियासच्या खोऱ्यात काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राउटची मासेमारी कायद्याने बंद असते, कारण तो ब्राउन ट्राउटच्या विणीचा काळ. मादी नदीतल्या गोट्यांमध्ये खळगा करून अंडी घालते, आणि त्यावर माणसाचा पाय पडला तरी ती जातात.

उरतात दोन खिडक्या. पहिली मार्च ते एप्रिलचा मध्य, दुसरी सप्टेंबरअखेर ते ३१ ऑक्टोबर. तुमच्यासाठी मी पहिली निवडेन. गहू-हरभरा निघालेला असतो, कापसाचा व्याप संपलेला असतो, आणि १४ एप्रिलची सुट्टी धरून गुरुजींना थोडी रजा टाकता येईल. ऑक्टोबरमध्ये पाणी आरशासारखं स्वच्छ असतं, अनुभवी माणसाला तोच काळ जास्त आवडतो. पण तेव्हा मासाही माणसाला लांबून ओळखतो, आणि विजयादशमीपासून आठवडाभर कुल्लूचा दसरा असतो. खोऱ्यातले देव पालखीतून कुल्लूला जातात, बसगाड्या भरतात, खोल्या मिळत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीवर विसंबू नका. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे तोवर नदी बंद झालेली असेल.

मेशिवाय जमणारच नसेल, तर निदान पहाटे उजाडल्यापासून दहा-साडेदहापर्यंतच मासेमारी करा, आणि मुख्य नदी सोडून गुशैणी गावाजवळ तिला मिळणाऱ्या फलाचन नाल्यावर जा.

तीर्थनच का, हेही सांगतो. काश्मीरची लिद्दर जास्त प्रसिद्ध आहे. भारतात ट्राउट पहिल्यांदा नीट रुजली ती काश्मीरमध्ये, १८९९-१९०० च्या सुमारास, इंग्लंड-स्कॉटलंडहून बोटीने आणलेल्या अंड्यांतून. कुल्लू खोऱ्यात ती त्यानंतर सोडली गेली. पण काश्मीरमध्ये नदीचे ठरावीक पट्टे, म्हणजे बीट, आधी राखून घ्यावे लागतात, आणि खानदेशातून तो प्रवासही लांबचा. तीर्थन लहान नदी आहे. बऱ्याच ठिकाणी पाच-सात मीटरची फेक पुरते, नवख्याला यापेक्षा सोयीचं काय असणार! शिवाय तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून तिथल्या लोकांनी, माजी आमदार दिले राम शबाब यांच्या पुढाकाराने, कोर्टापर्यंत लढा दिला आणि जिंकला. म्हणून ही नदी आजही उगमापासून लारजीपर्यंत, म्हणजे बियासच्या काठापर्यंत, मोकळी वाहते. आपली गिरणा, पांझरा वर्षातले किती महिने वाहतात हे पाहिलेल्या माणसाला त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. तुमचे चार दिवस नदीवर फेक शिकण्यात घालवू नका. फेक इथेच शिकून जा. चार दिवस नदी वाचायला हवेत, आणि ते कौशल्य इथे कुठेच शिकता येत नाही.

तुम्ही गळाची माणसं आहात, म्हणून फरक आधी समजून घ्या. गळात शिसं किंवा आमिष जड असतं, ते पुढे जातं आणि दोरीला ओढून नेतं. फ्लाय म्हणजे हुकावर पिसं आणि दोरा बांधून केलेला किडा. तिला वजनच नसतं. इथे जाड, जड लाइन फेकायची आणि लाइन फ्लायला घेऊन जाते. त्यामुळे जोर लावून काही होत नाही. रॉड मागे न्या, घड्याळात एक वाजता काटा असतो तिथे टक्कन थांबवा, लाइन मागे हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबा, मग पुढे आणून दहाच्या काट्यावर पुन्हा टक्कन थांबवा. मनगट वाकवायचं नाही, हात कोपरातून चालवायचा. गळवाल्यांचा हात नेमका मागच्या थांब्याला चुकतो, कारण मागे थांबण्याची सवयच नसते. मागून चाबकासारखा फटका ऐकू आला की समजा, घाई झाली. सुरुवातीला मान वळवून मागची लाइन डोळ्यांनी बघा. त्यात कमीपणा काही नाही.

सरावाला नदी लागत नाही. शाळेचं मैदान चालेल, फक्त गवत असावं. सिमेंटवर किंवा मुरुमावर लाइन खरवडून खराब होते. टोकाला हुक न बांधता लाल लोकरीचा लहान गोंडा बांधा. आठ-दहा मीटरवर घमेलं ठेवा आणि त्यात गोंडा पाडायचा प्रयत्न करा. लांब फेकायच्या मागे लागू नका. खानदेशात फाल्गुन-चैत्रात दुपारनंतर वारं सुटतं, म्हणून सकाळी सहा ते आठ ही वेळ बरी. रोज वीस मिनिटं पुरतात. रविवारी एकदाच तीन तास करण्यापेक्षा ती जास्त कामाची, कारण थकलेला हात चुकीच्या सवयी धरतो. टोपी आणि गॉगल पहिल्या दिवसापासून घाला. पुढे हुक लागेल तेव्हा डोळा वाचवायचा आहे.

दुसरी फेक म्हणजे रोल कास्ट. तीर्थनच्या काठावर झाडी दाट आहे, मागे लाइन न्यायला जागा नसते. रोल कास्टमध्ये लाइन मागे उडवावी लागत नाही. रॉड सावकाश मागे कानाजवळ आणायचा, लाइनचा पोट सुटल्यासारखा झोल खांद्यामागे लोंबू द्यायचा आणि मग पुढे झटका द्यायचा. लाइन पाण्यावरून गुंडाळत पुढे जाते. याला मात्र पाणीच हवं, कारण पाण्याची पकड नसेल तर लाइन उलगडत नाही. जळगावकरांना मेहरूण तलाव आहे, धुळेकरांना नकाणे, तुमच्या बाजूला तापीचा एखादा संथ काठ मिळेल. धरणावर जाणार असाल तर आधी विचारून घ्या. बहुतेक जलाशयांवर मासेमारीचा ठेका मच्छिमार सहकारी संस्थेकडे असतो, आणि त्यावर भोई समाजातली कित्येक घरं चालतात. तुम्ही पकडून सोडून देणार असलात तरी त्यांच्या पाण्यावर परवानगीनेच उभं राहायचं. मी विचारायला गेलो तेव्हा सहसा कोणी नाही म्हटलेलं नाही. उलट फ्लाय बघायला माणसं गोळा होतात.

तिथे खऱ्या माशावर हातही बसेल. छोटी निम्फ म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारखी फ्लाय तिलापियाला आवडते. तिलापिया ओढताना लाइन डाव्या हातात कशी धरायची, रॉड किती उचलायचा, हे सगळं कळतं. मरळीच्या मागे या रॉडने लागू नका, तिच्या दातांपुढे टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक दोर, टिकत नाही.

सामानाचं आता. पहिल्या सहलीसाठी नऊ फुटी, ५ वेटचा, चार तुकड्यांचा रॉड घ्या. वेट म्हणजे तो रॉड कोणत्या वजनाच्या लाइनसाठी बनवला आहे त्याचा आकडा. त्यावर त्याच नंबरची तरंगणारी लाइन लावा, डब्ल्यूएफ-५-एफ, म्हणजे पुढच्या भागात जड, ५ नंबरची, तरंगणारी. रॉड आणि लाइनचा नंबर जुळला नाही तर कितीही सराव केला तरी फेक बसणार नाही. रिळावर फार पैसे घालवू नका, तीर्थनच्या माशासाठी ते लाइन ठेवायची जागा आहे एवढंच. पैसे लाइनवर घाला. लाइनच्या पुढे नऊ फुटी निमुळता लीडर (जाड लाइन आणि बारीक टिपेट यांना जोडणारा दोर), ४एक्स किंवा ५एक्सचा, आणि त्याच्या पुढे ५एक्सचं टिपेट. एक्सचा आकडा वाढतो तसा दोर बारीक होतो, ५एक्स साधारण ०.१५ मिलिमीटरचं असतं. फ्लायच्या नंबरला तीनने भागलं की टिपेटचा अंदाज येतो. १४ नंबरच्या फ्लायला ५एक्स बरं.

फ्लाय ढीगभर घेऊ नका. वर तरंगणाऱ्यांत अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, पाण्याखालच्यांत फेझंट टेल आणि हेअर्स इअर, यात शक्यतो मण्याच्या, म्हणजे डोक्यावर पितळी मणी असलेल्या. १२ ते १६ नंबरमध्ये प्रत्येकाच्या चार-पाच घेतल्या की झालं. दोन काळ्या वुली बगर ठेवा, पाऊस पडून पाणी मातकट झालं तर उपयोगी पडतात. प्रत्येक हुकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. तो नसला की मासा सोडणं सोपं जातं, आणि स्वतःच्या बोटात घुसला तर हुक सरळ बाहेर येतो.

तिथे रॉड भाड्याने मिळतो का? मिळतो, पण नीट विचारा. तीर्थनच्या होमस्टेमध्ये बहुतेकांकडे चमकत्या स्पिनरचा, म्हणजे फिरणाऱ्या धातूच्या आमिषाचा, रॉड असतो, आणि 'फिशिंग रॉड आहे' म्हटलं की तेच समजतात. फोनवर 'फ्लाय रॉड आहे का आणि फ्लायवर शिकवणारा माणूस आहे का' असं स्पष्ट विचारा. नसेल तर रॉड इथूनच न्यायचा. चार तुकड्यांचा रॉड नळकांड्यात बसतो, रेल्वेत वरच्या बर्थवर सहज मावतो.

गाइड पहिल्या दिवशी घ्याच. शेवटच्या दिवशी नको, कारण जे शिकाल ते वापरायला दिवस उरले पाहिजेत. मधले दोन दिवस आपले आपण हिंडा आणि जमलं तर चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याला बोलवा.

आता नदी वाचण्याबद्दल. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते. तिला तीन गोष्टी हव्या असतात: वाहून येणारं खाणं, फार ताकद न लागता उभं राहायला जागा आणि वरच्या पक्ष्यांपासून आडोसा. हे तिन्ही जिथे एकत्र येतं तिथे मासा असतो. मोठ्या धोंड्याच्या मागे संथ पाणी असतं, पण त्याच्या पुढेही, जिथे पाणी धोंड्यावर आदळून दाबलं जातं, तिथे एक उशीसारखी जागा असते. नवखे तिकडे बघतच नाहीत. वेगवान धार आणि संथ पाणी यांच्यामध्ये एक रेघ दिसते, फेस आणि पानं तिच्यावरून वाहतात. फेस जातो त्या वाटेने खाणंही जातं. फ्लाय त्या रेघेवर सोडा. डोहाच्या मधोमध टाकायचा मोह होतो, आपली तापीतली सवय तीच आहे. ट्राउट मात्र डोहाच्या तोंडाशी आणि शेपटाशी, उथळ पाण्यात खात असते. काठाखाली मुळांनी धरलेली पोकळी दिसली तर तिथे एक तरी फेक वाया घालवा.

जायचं खालून वर, प्रवाहाच्या उलट. मासा वर तोंड करून असल्याने तुम्ही त्याच्या पाठीमागून येता. कपडे मळकट हिरवे-तपकिरी. पांढरा शर्ट आणि पाण्यावर पडलेली सावली यांनी अख्खा डोह रिकामा होतो. पाण्यात पाय घालण्याआधी पायाजवळच्या उथळ पाण्यात फ्लाय टाकून बघा, बऱ्याचदा मासा आपल्या गुडघ्याइतक्या अंतरावर असतो. एका जागी तासभर बसू नका. एका ठिकाणी आठ-दहा चांगल्या फेकी झाल्या, काही नाही, तर पुढे चला.

सगळ्यात जास्त मासे जातात ते फरफटीमुळे. फ्लाय संथ पाण्यात पडते, मधली लाइन वेगवान धारेत, आणि धार लाइनला ओढते. मग फ्लाय पाण्यावर रेघ काढत घसरते. खरा किडा असा कधी पोहत नाही, ट्राउट तिला तोंड लावत नाही. उपाय दोन. एक, जवळ जा, म्हणजे पाण्यावर लाइन कमी पडेल, आणि रॉडचं टोक उंच धरा. दोन, लाइन पाण्यावर पडताक्षणी रॉडने उचलून तिची कमान प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका, याला मेंड म्हणतात. फ्लाय फेसाच्या वेगाने वाहते आहे का, एवढंच बघत राहा. पहिल्या दिवशी मासा लागो न लागो, फ्लाय चार-पाच सेकंद मोकळी वाहू लागली की तुम्ही शिकलात असं मी समजेन.

मासा लागला की हिसका मारू नका. गळाला बसलेली हिसक्याची सवय ५एक्सचं टिपेट तोडते. रॉड फक्त उचला. मग त्याला पळू द्या, लाइन बोटांतून सुटू द्या, थांबला की ओढा.

पाण्यातल्या सुरक्षिततेवर मी कडक आहे. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. हातात काठी, पायात पकड असलेले बूट, चपला नाहीत. खाली तोल गेला तर उठायची धडपड न करता पाठीवर होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवा आणि काठाकडे सरका. खाली मुख्य बियासवर, लारजी धरणाच्या आसपास, पाण्यात उतरूच नका. ८ जून २०१४ ला थलौटजवळ धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते फक्त फोटो काढायला नदीपात्रात उतरले होते. तापीत पोहून मोठे झालेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, आणि मला त्याचीच काळजी वाटते. हिमालयातलं पाणी थंडीने पाच मिनिटांत हातापायातली ताकद काढून घेतं.

परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून घ्यायचा. तीर्थनसाठी नागिनीला विभागाचा ट्राउट फार्म आहे, तिथे चौकशी करा, होमस्टेवालेही काढून देतात. परवान्यावर दिवसाला किती मासे आणि किती लांबीचे ठेवता येतात ते लिहिलेलं असतं, ते वाचा. गुशैणीच्या वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क सुरू होतं, त्याच्या हद्दीत रॉड न्यायचा नाही.

खाण्याबद्दल विचारलंत. खा, पण फार्मची खा. फार्मवर रेनबो ट्राउट विकत मिळते, होमस्टेमध्ये तीच शिजवतात. काळा मसाला सोबत नेलात तर रस्साही होईल. नदीतली ब्राउन ट्राउट सोडून द्या. थंड पाण्यात ती फार हळू वाढते आणि तिला मागणी करणारे हात दरवर्षी वाढताहेत. सोडताना आधी हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर बुरशी लागते. मासा पाण्यातच ठेवा, फोटोसाठी दोन-तीन सेकंद उचला, पोट दाबू नका, प्रवाहाकडे तोंड करून धरा आणि तो स्वतःहून सुटेपर्यंत थांबा. बारीक खवल्यांचा, खाली तोंड असलेला स्थानिक मासा लागला तर तोही सोडा. ट्राउटच्या कितीतरी आधीपासून ती नदी त्याची आहे.

प्रवास असा करा. भुसावळहून झेलम एक्सप्रेस थेट अंबाल्याला जाते. तिथून चंदीगड आणि चंदीगडहून कुल्लू-मनालीची रात्रीची बस. चालकाला आधीच सांगून औटच्या बोगद्यापाशी उतरा. तिथून लारजीमार्गे बंजारची बस मिळते, आणि बंजारपासून गुशैणी साधारण दहा किलोमीटर. मुक्काम नागिनी ते गुशैणी या पट्ट्यात एकाच ठिकाणी करा. रोज जागा बदलली तर नदी कळत नाही. घरचे सोबत असतील तर त्यांना जिभी आणि जालोरी खिंड जवळच आहे. जाण्यायेण्याचे चार दिवस, नदीचे चार आणि पावसासाठी एक राखीव, असे नऊ दिवस धरा. एप्रिलमध्येही रात्री गारठा असतो, स्वेटर आणि कानटोपी न्या.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघायचं असेल तर फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच तिकीट काढा, गुरुजींचा रजेचा अर्ज त्याच दिवशी द्या, आणि रॉड त्याआधी महिनाभर घरी आलेला असू द्या.